शिरड शहापूरहून गंगाराम मिस्त्री आणि सुमन

माझं नाव सुमन. माहेर शिरड शहापूर, आन सासर तिथून अकरा किलोमीटर, औंढ्याच्या बाजूला. सासरच्या गावाचं नाव तेवढं लिवू नका ताई, सासरा अजून जिता हाय आन मला त्याच घरात राहायचं हाय. अकरा किलोमीटर म्हंजे काय हो, एसटीत बसलं, शेजारणीला कुठं चालली म्हणून इचारलं, तिचं सांगून व्हईस्तोवर गाव येतं. तेवढं अंतर काटायला मला सहा वर्षं लागली, आन पोचले तवा उशीर झाला व्हता. ते कसं ते सांगते, पण मी जरा वाकडंतिकडं सांगते, मधीच दुसरं काढते, तुमी सांभाळून घ्या.

आई मी चार वर्षांची असताना गेली. बापाला मी दादा म्हणायचे, गावात सगळे त्याला गंगाराम मिस्त्री म्हणायचे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी यायच्या, त्यातली जळकी तार काढायची आन नवी भरायची, हे त्याचं काम, मोटर वायंडिंगचं. घरात दुसरं कुणी न्हाई, मग मला कुठं ठिवणार, दुकानातच एका पोत्यावर बसवायचा. पोरी भातुकली खेळतेत, मी तांब्याची तार खेळले. सहावी-सातवीत येईस्तोवर मी त्याला टर्न मोजून द्यायचे, एका कॉइलला ब्याऐंशी म्हणले की ब्याऐंशी, त्र्याऐंशी व्हायचं न्हाई. दादा म्हणायचा, सुमे, तोंड बंद ठिव आन बोटानं मोज, बोलून राहिलीस की एक येढा जास्तीचा पडतो. माझं तोंड मात्र तवाबी बंद राहात न्हवतं, आताबी राहात न्हाई, तुमी बघूनच राहिल्या.

नववीत शाळेचं विज्ञान प्रदर्शन व्हतं औंढ्याला. दादानं मला एक रेडिओ करून दिला, म्हंजे मलाच करायला लावला, तो नुसता बसून इडी वढत सांगत राहिला. पुठ्ठ्याच्या नळीवर तार गुंडाळायची, झाडाला एक लांब तार बांधायची, एक तार जमिनीत, आन मधी एक डायोड. डायोड म्हंजे इवलुशी काचेची नळी, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठी, आत केसावाणी तार दिसती. दादा म्हणला, ही जर्मेनियमची हाय, ही जपून ठिव, दुसरी लावली तर तो बारका आवाज तिच्यातून पारच होत न्हाई. आन कानात घालायचं एक पांढरं बटन. ह्या रेडिओला ना सेल, ना लाइट. परभणीचं ठेसन जे हवेत सोडतं तेवढ्यावरच तो बोलतो. मास्तर लोकं येऊन येऊन इचारायची, पोरी, सेल कुठं हाय? मी म्हणायची, न्हाईच. ते टेबलाखाली वाकून बघायचे. पहिला नंबर ज्वालामुखीवाल्या पोराला दिला, त्याच्यातून धूर निघत व्हता ना. मला दुसरा.

मग लग्न झालं. स्थळ चांगलं, बागायत, विहीर, सासऱ्याचा गावात वट. आमचे हे गरीब, म्हंजे बापापुढं गरीब, अजूनबी मान वर करून बोलत न्हाईत. सासऱ्याला मी मामा म्हणते, सासूला आत्याबाई. सहा-सात महिने बरे गेले. मग मामांची मोटर जळाली. व्याही वायंडर असताना दुसऱ्याकडं काहून जावं, म्हणून ती दादाकडंच धाडली. दादानं भरून दिली, पैसे घेतले न्हाईत. आन ती मोटर तीन आठवड्यात परत जळाली, ऐन भुईमुगाला पाणी लागत व्हतं तवा. मामा पेटले. दादाला बोलवून घेतलं आन अंगणात, चार माणसांत म्हणले, मिस्त्री, फुकटचं काम फुकटाचंच असतं.

दादाबी काही कमी न्हवता. त्यानं मोटर उघडूनबी बघितली न्हाई, म्हणला, माझ्या हातचं वायंडिंग न्हाई जळत, तुमच्या लाइनचा एक फेज गेला असंल, आकडे टाकून मोटरी चालवल्या तर दुसरं काय व्हणार. आता आकडा तर अख्खं शिवार टाकत व्हतं ताई, पण चार माणसांत व्याह्याला चोर म्हणल्यासारखं झालं. मामांनी खांद्यावरचा रुमाल झटकला आन म्हणले, गंगाराम, तुझी पोरगी आता आमची झाली, तू तिकडचा तिकडं. पुन्हा ह्या उंबऱ्याला पाय लावू नको, आन हिचाबी पाय तिकडं पडणार न्हाई. दादा म्हणला, बोलवल्याबिगर मीबी येणार न्हाई. दोघांनी आपापली मुंडी वाकडी केली आन मधी मी. मोटर मामांनी रागानं गोठ्यात फेकली, ती तिथंच पडली.

तवापासून मी कोंडले गेले. मारलं-झोडलं न्हाई, उगं खोटं काहून बोलू, खायला-प्यायला बराबर व्हतं. पण माहेराचं नाव काढायचं न्हाई. पंचमीला पोरी माहेरी येऊन झोके घेऊन राहिल्या की मी भाकरी थापत राहायचे. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, माझं इथंच झालं. दादानं पत्रं लिवली असतील, पोस्टमन मामांच्या हातात द्यायचा, ती कुठं गेली मला ठाऊक न्हाई. रोज सकाळी घराच्या धाब्यावर वाळवण टाकायला चढले की सडकेवरून लाल गाडी जाताना दिसायची, शिरड शहापूरची. मी ती दिसंनाशी व्हईस्तोवर बघायचे. लोकं इचारतेत, निघून काहून गेली न्हाई? कुठं जाणार हो? लेकरू कडेवर, आन गेले असते तर दादानंच हाताला धरून परत आणून सोडलं असतं, लोकं काय म्हणतील म्हणून. तिकडूनबी दार बंद, इकडूनबी.

घरात बाहेरची एकच बाई यायची, जैनबी मन्यारीण. डोक्यावर बांगड्यांची पाटी, दर मंगळवारी आमच्या गल्लीत. बांगड्या भरताना बाई हात धरून बसती, त्यामुळं बारीक आवाजात दोन गोष्टी बोलता येतेत. ती शिरडलाबी जायची. एकदा माझा हात दाबत म्हणली, तेरा बाप सूख गया बेटी, जेवत न्हाई बराबर. मग पुढच्या खेपंला तिनं मला एक बांगड्यांची पुडी दिली, म्हणली, ये तेरे बाप ने दिया, अंदर जाके खोल. मला वाटलं चिठ्ठी असंल. आत जाऊन सोडली. चिठ्ठी न्हाई, काही न्हाई, हिरव्या बांगड्यांच्या मधी कापसात गुंडाळलेली ती काचेची डायोड आन ते कानातलं पांढरं बटन. मी चुलीपुढं बसले आन हसायलाच लागले, हसता हसता रडू आलं. बाप असावा तर असा. पत्र धाडलं तर फाडतील, डायोड कुणाला कळती?

जैनबीनं निरोप तेवढा तोंडी सांगितला, जुमेरात को दोपहर में सुन, गानों में. म्हंजे गुरुवारी दुपारी परभणीवरून फर्माईशीची गाणी लागायची, पोस्टकार्डं धाडणाऱ्यांची नावं वाचायचे. घरात रेडिओ व्हता, पण मामांनी टीव्ही घेतला तवा तो नंदंच्या नवऱ्याला देऊन टाकला. असता तरी हात लावायची माझी टाप न्हवती.

मग तार पाहिजे व्हती. गोठ्यात शेण काढताना ती मोटर दिसली. दोन वर्षांची पडलेली, वर कोंबडी बसायची. दुपारी सगळी शेतात गेली तवा मी पाना घेऊन तिचं झाकण उघडलं. काय सांगू तुमाला, मी तशीच खाली बसले. आत कॉइलींचं गोल कडं असतं, तीन फेजच्या तीन वाटा. त्यातल्या दोन वाटच्या काळ्याठिक्कर आन एका वाटची तांबूस, जशीच्या तशी, आज भरल्यासारखी. दोन जळक्या, एक चांगली, पुन्हा दोन जळक्या, एक चांगली, असं बराबर मोजून. वायंडरच्या लेकराला हे वाचता येतं. वायंडिंग कच्चं असंल तर एकाच जागी काळा डाग पडतो. असं बराबर एकाआड दोन जळतं ते लाइनचा एक फेज गेल्यावरच. दादा खरा व्हता. न उघडता बोलला ते खरं बोलला व्हता. पुरावा माझ्या हातात व्हता आन दाखवणार कुणाला? सुनंनं सासऱ्याला सांगायचं, मामा, चूक तुमची? मी त्या चांगल्या वाटच्या कॉइलीतून माझ्यापुरती तार काढली आन झाकण लावून टाकलं.

पावडरच्या रिकाम्या प्लास्टिकच्या डब्यावर तार गुंडाळली, बोटानं मोजून. वरून ब्लेडनं एक सरळ रेघ खरवडली, वार्निश निघालं की तांबं उघडं पडतं, त्याच्यावर केसाची पिन सरकवायची, जिथं ठेसन सापडंल तिथं थांबायचं. वरच्या तारंसाठी ह्यांच्या मागं लागले की गोधड्या वाळवायला लांब तार पाहिजे, धाब्यापासून पार लिंबापर्यंत. बांधून दिली बिचाऱ्यांनी. दोन्ही टोकांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावा मी म्हणले, तर हे म्हणले काहून? मी म्हणले, तार गंजत न्हाई. आता ट्यूबनं तार गंजायची काय थांबती, रबर पाहिजे व्हतं ते आवाज लिंबातून जमिनीत उतरू नये म्हणून, पण त्यांनी मानलं.

राहिली जमिनीतली तार, अर्थिंग. तिला ओल लागती. आन आमच्या अंगणात रोज ओली राहणारी जागा एकच, तुळशीवृंदावन. दादाची रीत मला पाठ व्हती, एक थर कोळसा, एक थर मीठ, मधी तांब्याचा पत्रा. फुटक्या तांब्याचं बूड परसात पडलं व्हतं, त्याला तार बांधली आन तुळशीच्या बुडाशी पुरून टाकलं, वर तारंचं एवढुसं टोक, त्याला हळद-कुंकू लावलं की दिसतबी न्हाई.

पहिल्या गुरुवारी डोक्यावरून पदर घेतला, पदराखाली कानात बटन, मांडीवर डबा, तुळशीपुढं बसले. पिन सरकवून राहिले, सरकवून राहिले, नुसतं खरखर. मग लांबून, विहिरीच्या तळातून यावा तसा बाईमाणसाचा आवाज आला. नावं वाचून राहिली व्हती. जिंतूरहून अमुक, वसमतहून तमुक आन मित्रमंडळ. आन मग म्हणली, शिरड शहापूरहून गंगाराम मिस्त्री आणि सुमन. ताई, त्यानं माझं नाव लिवलं व्हतं! जशी मी अजून त्याच दुकानात पोत्यावर बसून त्याच्यासंगं गाणं मागून राहिले. कोणतं गाणं लागलं मला आठवतबी न्हाई. मी पदर तोंडात कोंबला आन हमसून हमसून रडले.

मग दर गुरुवार माझा झाला. बाप जिता हाय, लिवता येतंय एवढा धड हाय, आन मला इसरला न्हाई, आठवड्याला एवढं मला पुरायचं. तीन वर्षं मी त्याच्यावर काढली. गंमत ऐका, ओले कपडे तारंवर असले की आवाज बसतो, म्हणून गुरुवारी मी धुणंच काढायचे न्हाई. अर्थिंग ओलं राहावं म्हणून तुळशीला दिवसातून तीनदा पाणी. आन दुपारी पदर घेऊन गपचूप बसायचं. गावात बोभाटा झाला, अमक्याची सून लई भाविक, गुरुवार कडक पाळती, मौन धरती. आत्याबाई शेजारणींना सांगायच्या, पोरगी गुणाची हाय, बाप तेवढा बाद निघाला. बाया माझ्या पाया पडायच्या बाकी राहिल्या व्हत्या. मी मनात म्हणायचे, पडा पडा, परभणीला पोचतंय सगळं.

पण हाव वाईट. एका उन्हाळ्यात जमीन लई वाळली, आवाज बारीक झाला. मी काय केलं, मूठ मूठ मीठ आणखी टाकत गेले, पाण्यात कालवून. आवाज आला. तुळस गेली. मिठावर तुळस कशी जगंल हो, एवढं मला कळायला पाहिजे व्हतं, पण मला तवा फक्त कान व्हते, डोळे न्हवते. आधी पानं पिवळी झाली, मग काड्या राहिल्या. आत्याबाईंनी हाय खाल्ली, म्हणल्या घरावर काहीतरी येणार. दुसरं रोप लावायचं म्हणून त्यांनी खुरपं घेतलं आन उकरलं.

कोळसा निघाला. मीठ निघालं. मग तार बांधलेलं तांब्याचं बूड निघालं, आन तेबी घरातल्याच तांब्याचं. आत्याबाई अशा किंचाळल्या की गल्ली गोळा झाली. करणी! करणी केली! मी दारात उभी. एक म्हणती आमच्या मामाच्या गावात असंच उंबऱ्याखाली निघालं व्हतं, दुसरी म्हणती हात लावू नका. मामांनी एका जाणत्याला बोलवून आणलं. त्यानं ते बूड उलटंपालटं केलं, डोळे मिटले आन म्हणला, बाहेरची बाई हाय, पण घरातल्या बाईच्या हाताला धरती.

हाताला धरणारी बाहेरची बाई कोण, हे कुणी सांगायची गरजच न्हवती. मंगळवारच व्हता. मामा दारात काठी घेऊन बसले, भावकीतले पाच-सहा गडी आले. आत्याबाई म्हणून राहिल्या, येऊ द्या तिला, दर खेपंला इथं तुळशीपाशीच बसायची, मला वाटायचं सावलीला बसती. मी आत गेले, पाणी पिले, बाहेर आले, परत आत गेले. बोलले तर डबा जाणार, गुरुवार जाणार, दादा जाणार. न बोलले तर? मी स्वतःला सांगून राहिले, मारणार न्हाईत, दम देऊन सोडतील. अन् गल्लीच्या तोंडाशी जैनबीचा आवाज आला, बांगड्याऽऽ घ्या बांगड्या. मामा उठले. गडी उठले.

मी पेटी उघडली आन डबा घेऊन अंगणात आले. म्हणले, मामा, ती करणी माझी हाय. जैनबी फाटकात येऊन थांबली व्हती, तिला काही उमजंना. मी कुणाकडं न बघता खाली बसले, बूड परत खड्ड्यात घातलं, वर घागरभर पाणी वतलं, तारा जोडल्या, पिन सरकवली आन बटन मामांपुढं धरलं. त्या जाणत्यानं दोन पावलं मागं घेतली. मामांनी काठी खाली ठिवली न्हाई, एका हातात काठी आन दुसऱ्या हातानं बटन कानाला लावलं. डब्याखाली वाकून बघितलं. मग म्हणले, सेल कुठं हाय?

न्हाई, म्हणले मी. मग जे सुटले ते थांबलेच न्हाई. दादाची पोस्टकार्डं, गुरुवारची नावं, गोधड्यांची तार, मीठ, सगळं सांगितलं. जैनबीची पुडी तेवढी गाळली, डायोड माझ्याकडं शाळेपासूनचीच व्हती म्हणले, तेवढं एक खोटं. मामांनी इचारलं, तांबं कुठलं? गोठ्यातल्या मोटरीचं, म्हणले. आन मामा, ती उघडून बघा, दोन वाटच्या जळाल्यात, एक शाबूत हाय, लाइनचा फेज गेला व्हता, वायंडिंग न्हाई जळालं. कुणाला दाखवायचं त्याला दाखवा. आमचे हे म्हणले, सुमन, गप बस. पाच वर्षं गपच व्हते की.

मामांनी मला मारलं न्हाई. डबा, बटन, सगळं उचलून आत नेलं आन आपल्या कपाटात ठिवलं. जैनबीला एवढं कळलं की आपल्यावर काय आळ आला व्हता. तिनं पाटी डोक्यावरून उतरवलीच न्हाई, माझ्याकडं एकदा बघितलं आन आल्या पावली गेली. मग महिने न् महिने आमच्या गल्लीत फिरकली न्हाई. मी तिला वाचवलं म्हणा, पण आधी तिला त्या फाशात घातलं कुणी? मीच की.

त्या गुरुवारी मी भाकरी करून राहिले व्हते, तवा चुलीच्या खिडकीतून बघितलं तर मामा बिनतुळशीच्या वृंदावनापुढं बसलेले, डोक्याला रुमाल, कानात बटन, पिन सरकवून राहिले. मला वाटलं गंमत म्हणून बसले असतील, बिनसेलाचं बोलतंय म्हणून. अर्ध्या तासानं उठले, खोकले, आन माझ्या दारावरून जाताना माझ्याकडं न बघता म्हणले, आलं.

एवढंच. आलं. पुढच्या गुरुवारी परत, आलं. मग ते दर गुरुवारचंच झालं. मी भाकर थापायची थांबायचे, ते खोकायचे, आलं म्हणायचे, मी पुन्हा थापायचे. एकदा बैलगाडीत ती मोटर घालून हिंगोलीला नेली त्यांनी, तिथल्या वायंडरला दाखवली असंल. काय म्हणला ते सांगितलं न्हाई, पण त्या दिवशी जेवले न्हाईत. मग एकदा आत्याबाईंना म्हणताना मी ऐकलं, हिला दिवाळीला धाडू शिरडला. दिवाळीला! तवा आखाड चालू व्हता. मी बोटावर दिवस मोजायला लागले, एक येढा जास्तीचा न्हाई, कमी न्हाई.

दसरा झाला आन जैनबी आली. बाहेरूनच बोलवलं मला, आत येईना. बांगड्या भराया हात धरला आन तिच्या डोळ्याला पाणी. म्हणली, बेटी, तू आई नहीं मिट्टी को? मी म्हणले, कुणाच्या? तिनं माझा हात सोडला. पोळ्याच्या आदल्या दिवशी गेला व्हता दादा, दुकानातच, बसल्या जागी. मी म्हणले, खोटं हाय, परवा गुरुवारी नाव आलं त्याचं. ती नुसती डोकं हलवत राहिली.

मी आयुष्यात पहिल्यांदा मामांच्या खोलीत न इचारता शिरले. म्हणले, माझा बाप मेला? त्यांनी मान खाली घातली. दादा गेला त्याच दिवशी हिंगोलीच्या मोंढ्यात, बाजारात, दादाचा पुतण्या भेटला व्हता त्यांना, निरोप दिला व्हता, पोरीला घेऊन या म्हणून. मामा म्हणले, मी निघालोच व्हतो सांगायला. मग वाटलं, काय तोंडानं सांगू, ज्याला उंबरा बंद केला त्याच्या मातीला कसा जाऊ? एक दिवस गेला, मग दोन गेले, मग सांगायची येळच गेली. मी म्हणले, आन आलं आलं काय म्हणत व्हते? तर म्हणले, पोस्टकार्डं साचलेली असतेत तिथं, जुनी जुनी वाचतेत, पाच गुरुवार खरंच आलं नाव, तुझ्या गळ्याची आण. सहाव्या गुरुवारी न्हाई आलं. मग म्याच म्हणलो, आलं.

म्हंजे बघा ताई, माझा बाप मेलेला आन मी चुलीपुढं खुशीत भाकरी थापून राहिले व्हते.

दुसऱ्या दिवशी मला शिरडला धाडलं. मामा स्वतः एसटीत बसवायला आले. अकरा किलोमीटर, सांगितलं ना, काहीच न्हाई. दुकानाला कुलूप. पुतण्यानं उघडून दिलं. पोतं तिथंच व्हतं, माझं. मी त्याच्यावर बसले आन संध्याकाळच्या गाडीनं परत आले. तिथं कुणासाठी राहायचं? दार उघडलं तवा जायला घरच उरलं न्हवतं.

राग गेला का म्हणून इचाराल तर न्हाई गेला. लोकं म्हणतेत माफ कर, म्हातारं माणूस हाय. माझ्या बापाचं तोंड मला बघू दिलं न्हाई, ते कसं माफ करू? पण करते सगळं. आत्याबाई वारल्या, आता मामांचं मलाच करावं लागतं, आंघोळ, जेवण, सगळं. दोन वर्षं झाली, त्यांचं डोकं गेलं. पोराला वळखत न्हाईत, नातीला न्हाई. परभणीचं आता मोबाइलवरबी लागतं म्हणतेत, आमच्या पोरीनं दाखवलं. तो पावडरचा डबा मात्र त्यांच्या उशाशीच हाय, कुणी उचलला तर वरडतेत.

आन एक गोष्ट त्यांच्या डोक्यातून जात न्हाई. वार त्यांना कळत न्हाई, पण मी तारंवर धुणं टाकलं न्हाई की बराबर कळतं. गुरुवारी मी अजूनबी धुणं काढत न्हाई, सवय झाली. मग दुपारी त्यांची हाक येती, सुमन, गंगाराम मिस्त्रीचं नाव आलं का? पहिल्यांदा इचारलं तवा मी खरं सांगितलं, टोचूनच सांगितलं, माझा बाप मेला मामा, तुमी सांगितलं न्हाई. तर ते लेकरावाणी रडले, आताच मेल्यासारखे. पुढच्या गुरुवारी परत इचारलं, मी परत सांगितलं, परत रडले, जेवले न्हाईत. त्यांच्यासाठी तो दर गुरुवारी नव्यानं मरायचा. मला वाटलं व्हतं बरं वाटंल मला. न्हाई वाटलं.

आता इचारतेत तवा मी पीठ मळायची थांबते, जरा खोकते, आन सांगते, आलं.